सोन्या-चांदीच्या नॅनोफटी: उजळतो तो रेणू की धातू?

धातुमित्र:
मोजक्या रेणूंचा नॉनलिनिअर (म्हणजे लेझरच्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात न वाढणारा) सिग्नल टिपायचा असेल तर सोन्या-चांदीच्या नॅनोरचनांना पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. दोन कणांमधल्या काही नॅनोमीटरच्या फटीत लेझरमुळे इलेक्ट्रॉन एका तालात झुलतात आणि तिथलं विद्युतक्षेत्र फुगतं. समजा ते १० पट झालं, तर तीव्रता १०० पट. सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा प्रकाश, तीव्रतेच्या वर्गाने वाढतो. झाले १०,००० पट! १९८१ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या गटाने खडबडीत चांदीवर जवळपास एवढी वाढ मोजली होती.

स्फटिकवाला:
हिशेब बरोबर, दाखला चुकीचा. तो प्रकाश चांदीचाच होता, तिच्यावर बसवलेल्या रेणूंचा नव्हे. पृष्ठभागापाशी सममिती मोडते, म्हणून धातू स्वतःच सेकंड हार्मोनिक देतो. सोनं तर दोन फोटॉन गिळून वर स्वतः चमकतं. आधी रेणूंशिवाय कोरा नमुना मोजा, मग श्रेय वाटा.
शिवाय हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश ५३२चा होतो तो इवल्याशा स्फटिकातच. तिथे प्रकाशलहरींची कला (फेज) जुळलेली असते, त्यामुळे थराथरातला प्रकाश एकमेकांत मिळत जातो. नॅनोफटीत तेवढी लांबी आणणार कुठून?

धातुमित्र:
चांदीबद्दल चुकलो, मान्य. पण पॉइंटर बनवायचाय कुणाला? २०१४ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात सोन्याच्या चार चकत्यांच्या रचनेवर 'कार्स' या, लेझरने रेणूंची कंपनं टिपणाऱ्या नॉनलिनिअर पद्धतीने संशोधक एकेका रेणूपर्यंत पोचले. तिथे रेणूच्या कंपनांच्या रेषा दिसतात. त्या सोन्याच्या असूच शकत नाहीत. स्फटिक इथे काय कामाचा?

अंधारखोली:
मी हेच काम करते. आमच्या एका नमुन्यावर पहिल्या मिनिटात सुरेख सिग्नल आला, मग उतरतच गेला. रेणू जळाले असं धरून आम्ही आठवडाभर रेणूच बदलत बसलो. शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कणांच्या टोकदार कडा वितळून गोल झालेल्या. सोनं प्रकाश शोषतं, तापतं. लेझर निम्म्यावर आणला तर सेकंड हार्मोनिक चौथाईवर येतो. तरी आम्ही तेच पत्करलं, कारण निदान तासभर तोच आकडा मिळतो.

स्फटिकवाला:
कार्सचा दाखला पटला, तिथे मी हरलो. पण एका फटीतला सर्वांत मोठा आकडा सगळ्या पृष्ठभागाच्या नावावर खपवणं मला खटकतं. बहुतेक रेणू फटीबाहेरच बसतात. दोन्ही आकडे वेगळे छापा: फटीतला आणि सरासरीचा.