इयरबुकात मुलांची टोपणनावं छापावीत का?

ओसरी:
माझी मुलगी इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सीनियर आहे. शाळेच्या इयरबुकच्या, म्हणजे वर्षअखेरीला निघणाऱ्या फोटोंच्या पुस्तकाच्या, चमूत ती पानं लावायचं काम करते. परवा रात्री तिने सीनियर विभागाचं एक कच्चं पान मला दाखवलं. प्रत्येक मुलाचा फोटो, खाली नाव, अवतरणात टोपणनाव आणि मग चार वर्षांत काय काय केलं त्याची ओळ. उपक्रमापुढे इयत्तांचे आकडे असतात: मार्चिंग बँड ९, १०, ११, १२. नाटक १०, ११. डिबेट ९. एका ओळीत पोर कुठे रमलं आणि कुठून निघून गेलं, ते कळतं.

त्या पानावर खालून दुसऱ्या ओळीत एक मुलगा होता. टोपणनाव 'घोस्ट'. उपक्रमांची जागा कोरी. मी विचारलं, घोस्ट का? तर म्हणे तो बोलत नाही, शेवटच्या बाकावर बसतो, घंटा झाली की कुठे जातो कुणाला माहीत नाही. हे नाव त्याने स्वतः दिलं का? नाही. टोपणनावं चमूनेच भरली, 'सगळे ज्या नावाने हाक मारतात ते'.

मला रात्रभर ते पान दिसत होतं. आपल्या भाषेत नाव ठेवणं म्हणजे बारसं करणं आणि नाव ठेवणं म्हणजे दोष काढणं, दोन्ही. इथे दोन्ही एकाच वेळी झालं होतं. त्याच्या आईवडिलांच्या कपाटात हे पुस्तक पन्नास वर्षं राहील आणि त्यात त्यांचा मुलगा भूत असेल. माझं ठाम मत झालंय की टोपणनावाचा रकाना काढून टाकावा. 'क्लास क्लाउन' (वर्गाचा विदूषक), 'मोस्ट लाइकली टू सक्सीड' (पुढे नक्की यशस्वी होणारा) या मुलं मत देऊन ठरवतात त्या पदव्याही काढाव्यात. मुलाने काय केलं तेवढं छापा. तो कसा आहे याचा निकाल सतरा-अठराव्या वर्षी वर्गाने लावू नये.

गोफण:
ओसरीताई, तुमची कळकळ समजली, पण औषध चुकीचं आहे. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी पास झाला, चार वर्षं ड्रमलाइनमध्ये, म्हणजे बँडच्या ढोलवाल्यांत होता. तिथे कुणालाच खऱ्या नावाने हाक नव्हती. नवव्या इयत्तेत पहिल्याच सरावाला त्याच्या हातातून काठी सुटली आणि थेट ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी वाद्याच्या तोंडात गेली. त्या दिवसापासून तो 'बास्केट'. त्याचे मित्र आजही फोनवर तेच म्हणतात आणि तो खुलतो. इयरबुकातून ते नाव काढलं असतं, तर माझ्या मुलाच्या शाळेतलं काय उरलं असतं? नाव, आडनाव आणि आकडे.

उपक्रमांची यादी म्हणजे खरा मुलगा, हे मला मुळीच मान्य नाही. कॉमन अ‍ॅप या कॉलेजांच्या सामायिक प्रवेश-अर्जात दहा उपक्रम मांडायला जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. मुलं सीनियर होईपर्यंत ती जागा भरायलाच जगतात. क्लब काढायचा, अध्यक्ष व्हायचं, दोनदा भेटायचं, यादीत टाकायचं. कॉलेजला पाठवलेला तोच तक्ता तुम्ही इयरबुकात पुन्हा छापणार. टोपणनाव ही एकच गोष्ट आहे जी कुणी अर्जासाठी मिळवलेली नाही.

आणि टोपणनावं माणसाला तारतातही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९२८ साली इलिनॉयच्या डिक्सन हायस्कूलमधून बाहेर पडले. तिथे ते फुटबॉल खेळले, नाटकात होते, विद्यार्थ्यांचे अध्यक्ष होते आणि सगळ्यांना 'डच' म्हणून माहीत होते. ते नाव वडिलांनी तान्हेपणी दिलेलं. रोनाल्ड हे नाव पुरेसं रांगडं वाटत नाही, म्हणून मलाच डच म्हणा, असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं. पुढे रेडिओवर खेळांचं समालोचन करतानाही ते डच रेगनच होते. ते नाव त्यांच्यासाठी पायाखालची जमीन होती.

ओसरी:
गोफण, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. रेगननी स्वतः सांगितलं, मला डच म्हणा. 'घोस्ट'ला कुणी विचारलं?

पाटीपेन्सिल:
मी इथल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते आणि बरीच वर्षं इयरबुकची सल्लागार शिक्षिका आहे. कामाची बाजू सांगते.

पहिलं म्हणजे कायदा. शाळेच्या प्रकाशनात काय छापायचं यावर शाळेला बराच अधिकार आहे. १९८८च्या हेझलवुड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. तो खटला मिझुरीतल्या शाळेच्या वर्तमानपत्राचा होता, पण इयरबुकलाही तोच निकाल लागू करतात. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापल्या कायद्याने विद्यार्थी पत्रकारांना जास्त मोकळीक दिली आहे. म्हणजे 'मुलांनी छापलं, आम्ही काय करणार' असं कुठल्याही सल्लागाराने म्हणू नये. पान आमच्या हातावरून जातं.

दुसरं, माझा अनुभव असा की पोरांना खुपतात त्या पदव्या, टोपणनावं तेवढी नाहीत. 'बेस्ट स्माइल', 'मोस्ट स्कूल स्पिरिट' यात दरवर्षी तीच पंधरा-वीस मुलं असतात. त्यांची तोंडं होमकमिंगच्या म्हणजे शाळेच्या वार्षिक सोहळ्याच्या पानावर असतात, प्रॉमच्या म्हणजे नाचाच्या समारंभाच्या पानावर असतात, विद्यार्थी परिषदेच्या पानावर असतात. आम्ही एका वर्षी छपाईआधी बसून मोजलं, तर काही मुलं अकरा वेळा आली होती आणि कित्येक फक्त एकदा, स्वतःच्या चौकोनी फोटोत. तेव्हापासून चमूचा नियम आहे: प्रत्येक सीनियर निदान तीनदा दिसला पाहिजे. तेवढ्यासाठी पोरं कॅमेरा घेऊन वाचनालयात जातात, बस थांब्यावर जातात, लाकूडकामाच्या वर्गात जातात. या एका नियमाने जे झालं ते कुठलाही रकाना काढून झालं नसतं.

टोपणनाव मात्र मी मुलाच्या सहीशिवाय छापत नाही. फॉर्मवर तो रकाना स्वतः भरायचा, रिकामा ठेवला तर रिकामा. ओसरीताई, तुमच्या मुलीच्या सल्लागारांनी हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

चांदणवेल:
मी २०१६ची सीनियर. माझ्या नावात 'ज्ञ' आहे. इंग्रजीत ते डी-एन-वाय असं लिहिलं जातं. नवव्या इयत्तेच्या पहिल्या तासाला शिक्षकांनी हजेरी घेताना अडखळून 'डॅनी?' म्हटलं आणि मी 'हो' म्हटलं. चौदा वर्षांची होते, सगळे बघत होते, दुसरं काय म्हणणार? चार वर्षं मी डॅनी होते. बॅडमिंटनच्या जर्सीवर डॅनी, ऑर्केस्ट्राच्या पत्रिकेत डॅनी. इयरबुकच्या फॉर्मवर टोपणनाव मी स्वतः भरलं. डॅनी. सही माझीच होती.

पाटीपेन्सिलताई, म्हणून म्हणते, सही पुरेशी नाही. मुलं चार वर्षांत जे अंगवळणी पडलं त्यावर सही करतात. माझ्या आजीने ते पान पाहिलं आणि विचारलं, 'ही डॅनी कोण गं?' मला उत्तर देता आलं नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी प्राध्यापकांना तीनदा माझं पूर्ण नाव म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांना जमलं. इतकं सोपं होतं ते.

गोफण:
चांदणवेल, वाचून वाईट वाटलं. पण तुझं दुखणं टोपणनावाचं नाही, आळशी जिभेचं आहे. त्यावर उपाय हजेरीच्या तासाला व्हायला हवा होता, इयरबुकात नव्हे. तुझं पान 'शुद्ध' छापलं असतं तर चार वर्षं तुला डॅनी म्हणत होते ही गोष्ट पुसली गेली असती, आणि आज तू ती आम्हाला सांगतेयस. काय घडलं याची नोंद म्हणून ते पान खरं आहे.

ओसरी:
खरं आहे म्हणून छापावं, हे मला पटत नाही. व्हर्जिनिया राज्याचे माजी गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांचं उदाहरण बघा. २०१९ साली ते पदावर असताना त्यांची जुनी इयरबुकं बाहेर निघाली. मिलिटरी कॉलेजच्या १९८१च्या इयरबुकात त्यांच्या नावापाशी दोन टोपणनावं होती. एक 'गूस'. वयात येताना आवाज फुटायचा म्हणून ते हायस्कूलपासून चालत आलेलं. दुसऱ्यात काळ्या लोकांसाठीची शिवी होती. त्यांनी सांगितलं की वरच्या वर्गातले दोघे तसं म्हणायचे, का ते मला ठाऊक नाही. अडतीस वर्षांनी राज्यभर त्यांना याचा जाब द्यावा लागला.

गोफण:
आणि ते इयरबुक 'स्वच्छ' असतं तर? त्या कॉलेजात १९८१ साली असली शिवी हसतखेळत छापली जात होती, हे आज कुणाला कळलं असतं? तुम्ही माझ्याच हातात दाखला दिलात, ताई. पानं धुऊन काढायची सवय लागली की आधी धुतला जातो तो शाळेचा दोष.

उंबरठा:
मला दोघांशीही भांडायचंय. नाव छापा नाहीतर छापू नका, मूळ दुखणं असं आहे की शाळा कुणाला लक्षात ठेवते. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने १९५७-५८ मध्ये इलिनॉयमधल्या दहा हायस्कूलांचा अभ्यास केला. त्याने मुलग्यांना विचारलं होतं, शाळेत तुझी आठवण कशी राहावी: हुशार विद्यार्थी, खेळाडू की सगळ्यांचा लाडका? त्यांच्यात खेळाडू पुढे होता, हुशार मागे. इयरबुक त्या उतरंडीचा फोटो काढतं, एवढंच. आणि ही उतरंड पोरखेळ नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली हायस्कूल संपवलेल्या दहा हजारांवर मुलांचा म्हातारपणापर्यंत मागोवा घेतला गेला. त्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी पाहिलं की ज्याला वर्गातली जास्त मुलं आपला मित्र म्हणून नोंदवत होती, त्याची पस्तीस वर्षांनंतरची कमाईही थोडी जास्त होती, दर एका नोंदीमागे सुमारे २ टक्के.

तरी वर्गाच्या भाकितावर विसंबू नये, हेही तितकंच खरं. कॅन्ससच्या अ‍ॅबिलीन हायस्कूलच्या १९०९च्या इयरबुकात दोन भाऊ आहेत. आडनावावरून थोरला 'बिग आइक', धाकटा 'लिटल आइक'. वर्गमैत्रिणीने भविष्य लिहिलं: थोरला एडगर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होईल, धाकटा ड्वाइट येल विद्यापीठात इतिहास शिकवेल. एडगर वकील झाला. राष्ट्राध्यक्ष झाला धाकटा, आयझेनहॉवर. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे पाळणा बरोबर ओळखला, पाय दुसऱ्याचे निघाले. आणि टोपणनाव तेवढं टिकलं: सगळ्या देशाने त्याला आइक म्हणूनच मत दिलं.

पाटीपेन्सिल:
उंबरठा, 'एवढंच' म्हणू नका. फोटो काढणारा कुठे उभा राहतो यावर फोटो ठरतो. तीनदा दिसण्याचा नियम केल्यावर आमच्या चमूतल्या मुलीच म्हणाल्या होत्या, 'आम्हाला यांची नावंही माहीत नव्हती.'

ओसरी:
काय झालं ते सांगते. चांदणवेलची गोष्ट मी मुलीला वाचून दाखवली. ती दुसऱ्या दिवशी त्या मुलाला शोधायला गेली. दोन दिवस सापडला नाही, शेवटी पार्किंगमध्ये गाठला. पानाची प्रत आणि पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, जे बदलायचं ते बदल.

त्याने आधी नाव दुरुस्त केलं. आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं. म्हणाला, हजेरीतही असंच आहे, दहावीत आलो तेव्हापासून. मग कोऱ्या ओळीत त्याने लिहिलं: किराणा दुकान, संध्याकाळची पाळी, ११, १२. इतरांचे असतात तसेच आकडे, तसेच स्वल्पविराम. घंटा झाल्यावर तो कुठे जातो याचं उत्तर तिथे होतं. मुलीच्या चमूतल्या एकाने म्हणे विचारलं, नोकरी उपक्रमात धरायची का? मुलीने त्याला सांगितलं, आठवड्याचे वीस तास तू कुठल्या क्लबला देतोस ते सांग, मग बोलू.

'घोस्ट' त्याने खोडलं नाही. तिने दोनदा विचारलं. 'राहू दे,' म्हणाला आणि हसला. कसं हसला, ते तिला नीट सांगता येत नाही.

गोफण, तुम्ही म्हणाल, बघा, त्याने ठेवलं. चांदणवेल म्हणेल, सवयीने ठेवलं. मला अजून ते नाव त्या पानावर नकोच आहे, पण पेन त्याच्या हातात होतं. पान शुक्रवारी छापायला जातंय. पाटीपेन्सिलताई, तुमचा तीनदा दिसण्याचा नियम मुलीने सल्लागारांपुढे ठेवलाय. त्या मुलाचा दुसरा फोटो काढायला ती उद्या दुकानाच्या मालकाची परवानगी मागणार आहे.