मदत हवी आहे: नंबर न दिसणारे फोन आईने उचलावेत का?

आई पंचवटीत एकटी राहते, मी कामानिमित्त दिवसभर सातपूरला. गेल्या आठवड्यापासून तिला दुपारी 'प्रायव्हेट नंबर'वरून फोन येतायत. परवा एकाने पोलीस असल्याचं सांगून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' असं धमकावलं. कायद्यात असली अटकच नाही, हे मी तिला समजावलं; पण बिचारी रात्रभर झोपली नाही. पैसे गेले नाहीत, नाहीतर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवलं असतं.

असे फोन सरळ बंद करता येत नाहीत, कारण धाकटा भाऊ बोटीवर आहे. त्याचा फोनही कधीकधी नंबराशिवायच येतो आणि आई त्याचीच वाट बघत असते.

तुमच्या घरी काय करता? खात्रीसाठी घरातला एखादा परवलीचा शब्द ठरवला तर तिच्या वयाला जमेल का? कृपया सांगा.