माळरानावर सरसकट झाडं लावू नका, सापमार गरुड तिथं जगतो

माळवाट
आमच्या इंदापूरकडच्या एका माळावर उन्हाळ्यात जेसीबी लावून खड्डे घेतलेत. पाऊस पडला की गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, झपाट्यानं वाढणारं परदेशी झाड) रोपं लावणार आहेत. माझं स्पष्ट मत आहे की हे थांबवायला हवं. तो माळ रिकामा पडलेला नाही. त्यावर सापमार गरुड शिकार करतो आणि त्याला उघडी जमीनच लागते.

ज्यांनी हा पक्षी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घारीपेक्षा मोठा, खालून पांढुरका, डोकं गोल आणि मोठं, डोळे पिवळेजर्द. वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी उभा राहतो, पाय खाली सोडलेले, मान वाकवलेली. मग टप्प्याटप्प्यानं खाली उतरतो, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा थांबून बघतो, आणि शेवटी पंख आवळून सापावर पडतो. धामण, धूळनागीण, कधी नागही. साप नाही मिळाला तर सरडे, उंदीर. त्याला विष बाधत नाही असं गावाकडं सगळे सांगतात, पण तसं नाही. पायांवर जाड खवले आहेत, अंगावर दाट पिसं आहेत आणि सापाचं डोकं तो आधी चेचतो, म्हणून वाचतो.

ही सगळी शिकार नजरेच्या जोरावर चालते. दाट गिरिपुष्प वाढलं की वरून जमीनच दिसत नाही. खाली साप असले तरी गरुडाला त्यांचा काय उपयोग?

माणदेशी शिवार
दादा, तुमची कळकळ समजते, पण मी माण तालुक्यातला आहे. आमच्याकडं चारा छावणीत जनावरं बांधून माणसं महिनोन्‌महिने तिथंच राहिलेली आहेत. टँकरमागं हंडे घेऊन पळालेल्या बायका आजही गावात आहेत. डोंगरउतारावर समतल चर काढले, बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, तेव्हा कुठं विहिरींना पाणी टिकायला लागलं. 2018 च्या वॉटर कपात, म्हणजे पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, आमच्या तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली, ती गावानं उन्हात घाम गाळला म्हणून.

आता कुणी येऊन म्हणतं, झाडं लावू नका, गरुडाला त्रास होतो. मग उघड्याबोडक्या माळावर पावसाचं पाणी माती घेऊन वाहून जातं, त्याचं काय करायचं? पक्षी उडून दुसरीकडं जाईल. आम्ही जमीन सोडून कुठं जायचं?

सह्यकडा
मला तर वाटतं झाडं लावल्यानं सर्पगरुड वाढतील. आमच्या मुळशीकडं झाडी आहे, तिथं तुरेवाला सर्पगरुड कायम दिसतो. ओढ्याकाठच्या फांदीवर बसलेला असतो, शीळ घालत आभाळात घिरट्या घेतो. तोही सापच खातो. म्हणजे सापखाऊ पक्ष्याला झाडी चालते हे उघड आहे. माळावर झाडं वाढली तर तोच तिकडं येईल.

माळवाट
@सह्यकडा, ते दोन वेगळे पक्षी आहेत. तुमचा तुरेवाला गर्द तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके, चोचीमागची कातडी पिवळी. तो फांदीवर बसून वाट बघतो आणि खालून साप सरकला की झेप घेतो. त्याला ओलसर, जुनं, उंच झाडांचं रान लागतं. इंदापूरच्या तुटपुंज्या पावसात एकाच जातीची रोपं ओळीनं लावून मुळशी तयार होत नाही. सापमार जाईल आणि तुरेवाला काही येणार नाही.

@माणदेशी शिवार, चर आणि बांध यांना माझा अजिबात विरोध नाही. पण चर वेगळे आणि माळभर रोपं वेगळी. पाऊस गवतही अडवतं. पवन्या, मारवेल, शेडा या गवतांची मुळं माती धरून ठेवतात. तुमच्याकडच्या मेंढपाळांना विचारा, गिरिपुष्पाच्या सावलीत मेंढरांना चरायला काय उरतं. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्याच परिसरात गवताळ जमिनीवर गिरिपुष्प लावलं गेलं. माळढोक उघड्यावरचा पक्षी. गवत राखायचं तिथं झाडं वाढवली, आणि आज माळढोक तिथं जवळपास दिसेनासा झाला आहे. त्याला इतरही कारणं आहेत, पण ही चूक परत का करायची?

मूळ दोष सरकारी नोंदीत आहे. गवताळ माळ कागदावर पडीक म्हणून लागतात. राज्यात 2019 ला 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. एवढी रोपं लावायला जागा शोधायची म्हटल्यावर पहिली नजर पडीकावरच जाणार.

बोरबाभळ
एक गोष्ट दोघांकडूनही सुटली आहे. सापमाराला घरट्यासाठी झाड लागतंच. माळावरची एकटी बाभूळ, हिवर, नाहीतर बोर, तिच्या शेंड्यावर काटक्यांचं घरटं. तेव्हा "माळावर झाडच नको" हेही चुकीचं. असलेली काटेरी झाडं तोडली तरी तो संपेल.

घरटं मी दुर्बिणीतून, बरंच लांबून पाहिलं आहे. नर आला तो साप जवळजवळ पूर्ण गिळून, चोचीतून फक्त शेपटीचा तुकडा लोंबत होता. पिल्लानं ती शेपटी धरली आणि मागं रेटत रेटत सगळा साप बापाच्या घशातून बाहेर ओढला. मग तोच साप डोक्याकडून स्वतः गिळायला घेतला. वेळ लागला, मध्ये थांबलं, मान वेडीवाकडी केली, पण सोडला नाही.

मादी एकच अंडं घालते. दीड महिना उबवणं, त्यानंतर पिल्लू उडायला दोन महिन्यांहून जास्त. ते गेलं की त्या वर्षी बहुतेक दुसरं नाही. आपल्याकडं हा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. खड्डे कधी घेतात? मार्च ते मे. पिल्लू घरट्यात असताना खाली जेसीबी. आणि फोटोवाल्यांनाही सांगते, गाडी घरट्याच्या झाडाखाली नेऊ नका. मादी उठली की अंडं उन्हात भाजतं.

माणदेशी शिवार
ताई, खड्ड्यांच्या वेळेचं पटलं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीच्या आधी खड्डे घ्यायला काही अडचण नाही.

गिरिपुष्पाबद्दलही माझा आग्रह नाही. रोपवाटिकेत जे येतं ते लावतो, कारण ते फुकट मिळतं आणि जगतं. पण झाडं नकोतच हे मी मान्य करणार नाही. ओढ्याच्या काठानं, बांधावर, गावठाणाभोवती आम्ही लावणारच. माळ राखायचा असेल तर गवताचं काय मिळणार ते सांगा. आमच्या गायरानावर चराईबंदी करून गवत वाढवलं तर पहिली दोन वर्षं मेंढरं कुठं न्यायची? वनखात्याकडं लागवडीसाठी पैसे असतात, गवत राखायला किती असतात?

माळवाट
पैशाचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्याकडून तो मांडलाच जात नाही. बंदी सगळ्या गायरानावर एकदम नको. तुकडे पाडून आळीपाळीनं राखलं तर मेंढरांना उरलेला भाग मोकळा राहतो. पण लागवडीचा ठराव ग्रामसभेत येतो तेव्हा "या गटात काय आहे" हे कुणी विचारत नाही. आमच्या गावात मी पुढच्या सभेत घरट्याच्या झाडाचा गट नंबर देणार आहे आणि तेवढा माळ लागवडीतून वगळा असं लेखी मागणार आहे. तुमच्या गावात तुम्ही पवन्याचं बी मागाल का? एकाच अर्जात दोन्ही मागितलं तर नाही म्हणणं अवघड जाईल.

माणदेशी शिवार
बी मागतो. पण ओढ्याकाठची झाडंही त्याच अर्जात लिहिणार.