लठ्ठपणा आळशांचा आणि खरा धोका जैविक हल्ल्याचा? चर्चा

पेठकर: काल इथे एकाने लिहिलंय, लठ्ठपणा आळशी लोकांचा प्रश्न, त्यावर सरकारने पैसा उधळण्यापेक्षा जैविक हल्ल्याची तयारी करावी. डोकंच फिरलं. पुण्यात बसून हे लिहितोस? आपल्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ ला लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरचा फोटो छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सेम २२.३, पण साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. यात आळस कुठून आला? माझा भाऊ तसाच काटकुळा, ऐन चाळिशीत शुगर निघाली.

सडेतोड: मीच तो. भावाचं वाईट वाटतं, पण शुगर एका दिवसात शहर बंद पाडत नाही. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हे विषारी रसायन सोडलं, २००१ ला अमेरिकेत पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतू, पाच जण गेले आणि लोक टपाल उघडायला घाबरत होते. पाषाणला एनआयव्हीची, म्हणजे विषाणू संस्थेची, सगळ्यात घातक विषाणूंसाठीची बीएसएल-४ लॅब काय शोभेला बांधलीये?

धायरीकर: जानेवारी २०२५ ला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या आजाराचे, नमुने त्याच एनआयव्हीत गेले, आणि निघाला काय तर घाण पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू. कोणता अतिरेकी आला होता किरकटवाडीत? आमच्या मजल्यावरचा पोरगा, आधी जुलाब, मग पायच उचलेनात, मग व्हेंटिलेटर. आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरतो विचारलं तर चेअरमन म्हणे मीटिंगमध्ये बोलू.

औंधची काकू: टँकरचं नावच काढू नका!! पैसे दहा हजार लिटरचे, टाकीत पडतं किती ते देव जाणे. आमच्याकडे टाकी शेवटची कधी धुतली ते वॉचमनलाही आठवत नाही.

त्रस्त चेअरमन: फुकटात शिव्या खायचं पद आहे हे काकू. क्लोरीन टाकलं की वास येतो म्हणून बोंब, नाही टाकलं की जीबीएस, आणि मेंटेनन्स वाढवू म्हटलं की सगळ्यांचे फोन स्विच ऑफ.

धायरीकर: वासाचं सोडा हो, पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते बघायची ओटी टेस्ट करता का? लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन नळाला उरायला पाहिजे. पाच मिनिटांचं काम, पण करायचं कुणी!

सडेतोड: बघा, क्लोरीन! १९१५ ला बेल्जियमच्या आघाडीवर जर्मनांनी हाच गॅस सोडला होता. उद्या कुणी मुद्दाम सिलिंडर फोडला तर?

पेठकर: भोपाळला १९८४ ला काय झालं? विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, थंड ठेवायची यंत्रणा आधीच बंद, वायू जाळायचा फ्लेअर पण बंद. कंपनी मात्र नंतर घातपात घातपात करत बसली, तुझ्यासारखीच.

सडेतोड: पर्सनल व्हायची गरज नाही. बरं बाबा, टँकरवाला हाच अतिरेकी, खूश? लॅबचे पैसे मात्र कापायचे नाहीत.

पेठकर: कापा कोण म्हणालं? आणि टेप घेऊन स्वतःची कंबर मोज, आपल्या पुरुषांना मर्यादा ९० सेंटिमीटर.

सडेतोड: ९४. गप्प बस.

त्रस्त चेअरमन: आमच्या सोसायटीतले जे कोण इथे आहेत त्यांच्यासाठी, रविवारी टाकी धुणार, पाणी दुपारपर्यंत बंद.

औंधची काकू: रविवारीच सुचलं?