मदत हवी आहे: काळ्या टी-शर्टवर पांढरा बेस कडेने डोकावतोय

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरमध्ये माझं छोटं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. गणपतीसाठी एका ढोल पथकाचे काळे टी-शर्ट घेतलेत. डिझाइन कोरलड्रॉमध्ये, रंग भगवा आणि पिवळा, खाली पांढरा बेस (काळ्यावर रंग उठावेत म्हणून आधी छापायचा पांढरा थर).

पहिल्या सॅम्पलला ढोलाच्या कडेने केसाएवढी पांढरी रेघ दिसली. म्हणून बेससाठी दोन्ही रंगांचे आकार कॉपी करून वेल्ड केले, म्हणजे जोडून एकच आकार केला (वेगवेगळे आत घेतले तर रंग जुळतात तिथे बेसला फट पडते) आणि कंटूर टूलने त्याची कड ०.३ मिमी आत घेतली. ढोल एकदम स्वच्छ आला! पण पथकाच्या नावाची वाट लागली. दोन्ही बाजूंनी मिळून ०.६ मिमी जातं, त्यामुळे १.५ मिमीचा अनुस्वार ०.९ वर आला आणि वेलांटीचं निमुळतं टोक तर बेसमधून गायबच. तिथे भगवा थेट काळ्यावर बसून मातकट दिसतोय.

अक्षरांना चोक (बेस असा आत घेणं) कमी आणि मोठ्या आकारांना जास्त, असं तुम्ही ठेवता का? की अक्षरांचा बेस तसाच ठेवून वरचा भगवाच थोडा फुगवायचा? पथकाची पोरं वर्षभर हे टी-शर्ट घालतात, नाव नीट उठून दिसलंच पाहिजे. फिल्म परवा काढायची आहे, कृपया लवकर सांगा.