अनुभव धागा: बेळगावहून परदेश, घर ते घर किती तास?

मुलंबाळं परदेशी असलेली घरं आता आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. दोन विमानतळांमधलं अंतर मोबाइलवर झटकन दिसतं, पण सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) किंवा निपाणी स्टँडवरून निघणाऱ्याचं तेवढ्यानं भागत नाही. उंबऱ्यापासून तिकडच्या दारापर्यंतचं लिहा. पहिल्यांदा निघालेल्या आईवडिलांना आधार होतो.

शहापूर, बेळगाव
लेक सॅन फ्रान्सिस्कोला असते. आम्ही गेलो तेव्हा बेंगळुरूहून थेट विमान होतं. अंतर सुमारे १४,००० किमी, विमानात सोळा-सतरा तास. पण त्याआधी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर, मग गर्दीतून देवनहळ्ळीचा विमानतळ, आणि तिथं तीन तास आधी हजर. सांबऱ्याहून सव्वा तासात बेंगळुरू गाठता येतं, पण ते विमान उशिरा सुटलं तर पुढचं सगळंच चुकणार, म्हणून ह्यांनी रेल्वे धरली. ह्यांचे पाय सुजतात. मी त्यांना मधूनमधून उठवून मागच्या पडद्यापर्यंत फेऱ्या मारायला लावत होते. तिथली मुलगी प्रत्येक फेरीला पाण्याचा ग्लास हातात द्यायची. अमेरिका नकाशात डावीकडं, मग विमान उत्तरेला का निघालंय हे कळेना. नातवानं पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला तेव्हा उमगलं, जवळची वाट वरूनच जाते. २०२१ च्या जानेवारीत ह्या मार्गाचं पहिलं विमान उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आलं, आणि चालवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. फार अभिमान वाटतो बघा.

सदाशिवनगर
मुंबई–लंडन ७,२०० किमीच्या आसपास. जाताना दहा तास, येताना नऊच्या आतबाहेर. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, येताना तो पाठीशी असतो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात हे घरच्यांना आधी समजावा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लंडन आपल्या साडेचार तास मागं, एरवी साडेपाच.

खानापूर
आम्हाला गोव्याचं मोपा विमानतळ बरं पडतं, जांबोटी-चोर्ला घाटावरून. पावसाळ्यात मात्र घाटाचा भरवसा धरू नका. दरड आली की सगळा हिशेब कोलमडतो. जून ते सप्टेंबर मी आदल्या दिवशीच जाऊन राहतो.

निपाणी
शहापूरच्या ताई, रेल्वेचं अगदी बरोबर केलंत. आम्ही मुंबईपर्यंतचं आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं होतं. पहिलं विमान रखडलं, बॅगा पट्ट्यावरून उतरवून पुन्हा द्यायच्या होत्या, आणि पुढचं विमान निघून गेलं. नवीन तिकिटाचे पैसे आम्हालाच भरावे लागले. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढची सोय विमान कंपनी लावते. वडिलधारी माणसं एकटी जाणार असतील तर व्हीलचेअरही बुकिंग करतानाच मागा. रांगेतला वेळ वाचतो आणि दुसऱ्या विमानाच्या गेटपर्यंत कुणीतरी सोबत असतं.