शनिवारचा पिक्चर

सेक्रेटरी: काल हॉलमध्ये 'रिफिफी'ला बरीच गर्दी झाली. प्रोजेक्टरबद्दल बी-३०२चे आभार. खुर्च्या अजून तशाच पडल्यात.

ए-२०३ काकू: मी तर मधूनच उठणार होते. फ्रेंच पिक्चर, सबटायटल वाचून डोळे दुखले. मग चोरी सुरू झाली आणि कुणी बोलेचना! चष्मा काढून निवांत बघितला.

बी-३०२: काकू, तीच तर गंमत. जवळपास अर्धा तास संवाद नाही, संगीत नाही. सराफाच्या दुकानावरच्या फ्लॅटमधून खाली भोक पाडायचं, आणि अलार्म असा की जरा हादरा बसला की बोंबललाच. म्हणून ते आधी तसाच अलार्म आणून त्याचं तोंड कसं बंद करायचं ते शोधतात. भोक थोडं पडलं की मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे तुकडे तिच्यात पडतात. मग खाली उतरून अलार्ममध्ये आग विझवायच्या नळकांड्यातला फेस. गोळीबारापेक्षा मला हे बघायला आवडतं. सराफ बाजारात नथ घडवणाऱ्या कारागिरापुढे उभा राहिलो की असंच होतं, पाय निघत नाही.

ए-२०३ काकू: कुणी शिंकलं असतं तर मीच ओरडले असते 😂 चोरांसाठी जीव टांगणीला!

सी-१०१ आजोबा: १९५५चा आहे. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ मूळचा अमेरिकन. कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडनं काळ्या यादीत टाकला, मग फ्रान्समध्ये हा केला आणि कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस घेतलं. तिजोरी फोडणारा तो सेझार आहे ना, तो स्वतः दासँच.

ए-४०४: आणि सगळं बिघडतं त्याच्याच एका अंगठीपायी. बाईला द्यायला उचलली!

सेक्रेटरी: अहो, आम्ही मेंटेनन्सच्या हिशेबामुळे अर्ध्यात उठलो होतो. शेवट सांगू नका 🙏

सी-१०१ आजोबा: हिऱ्यांचंच चाललंय तर आपलाही एक आहे. नाशिकचा हिरा, त्र्यंबकेश्वरातला. १८१८ला पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी नेला आणि लंडनच्या जवाहिऱ्यांना विकला. १९४०ला न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं परत पैलू पाडले, राहिला ४३.३८ कॅरेट.

बी-३०२: आजोबा, तिथे ना छत्री लागली ना फेस.

सी-१०१ आजोबा: फौज होती की. पुढे इंग्लंडात एका उमरावानं तो तलवारीच्या मुठीत बसवला म्हणे. यावर पिक्चर काढायचा तर अर्धा तास गप्प कोण बसेल, मी तरी नाही.

ए-२०३ काकू: बी-५०१, तुमचं ड्रिल दुपारी २ ते ४ बंद ठेवा हो. सकाळपासून मी सारखी छताकडे बघतेय.

बी-५०१: काकू, फक्त पडद्याचे रॉड लावतोय 😅

ए-४०४: काल हॉलमध्ये माझी काळी छत्री राहिली. कुणी नेलीय का?

बी-३०२: 👀

ए-२०३ काकू: बी-५०१?